घरचं वाक्य

मराठीच्या द्वारकाबाई रजेवर गेल्या आणि सातवीचा त्यांचा तास भागीरथेकडे आला. शहाण्णव साल. मुधोळच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. व्याकरणाशी तिचं वैर नव्हतं, पण सलगीही नव्हती. धडा वाचून झाला, खालचा स्वाध्याय आला. वाक्यात उपयोग करा: धोक्यात घालणे.

पहिली मुलगी उठली. "सैनिक आपला जीव धोक्यात घालून देशाचे रक्षण करतात."

दुसरा उठला. "शूर सैनिक आपला जीव धोक्यात घालून देशाचे रक्षण करतात."

तिसऱ्याने सैनिकाच्या जागी पोलीस घातला आणि आपण काहीतरी नवं केलं अशा तोऱ्यात खाली बसला. नांदेडहून येणारं गाईड घरोघरी होतं, हे भागीरथेला ठाऊक होतं. तिने खडू टेबलावर ठेवला.

"तुमच्यापैकी कोणी सैनिक पाहिलाय?"

"टीव्हीवर, बाई."

"मग ते वाक्य टीव्हीचं झालं. उद्या घरचं वाक्य आणा."

"घरचं म्हंजे?"

भागीरथा थांबली. घरचं वाक्य म्हणजे काय हे आपल्याला कधीतरी कोणाला समजावून सांगावं लागेल, असं तिला वाटलंच नव्हतं. लहानपणी तिच्या शाळेत ते पाण्याच्या माठासारखं असायचंच.

तिची शाळा मुधोळच्या अलीकडे, बैलगाडीच्या वाटेवरच्या गावात होती. दोन खोल्या. एकीत तेलुगूचे वर्ग, दुसरीत मराठीचे. मराठीच्या खोलीला मास्तर एकच, नागोराव गुरुजी. गणित तेच, इतिहास तेच, विज्ञानही तेच. मूळचे नार्नूरकडचे, उंच, खांद्यात थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशात नेहमी खडूचे तुकडे. तेही भागीरथेच्याच समाजातले. त्यामुळे विहारापुढच्या वस्तीतल्या बायका त्यांच्याकडे असं बघत, जणू आपल्याच ओसरीवरचं रोप झाड झालं आहे.

गुरुजींचा नियम साधा होता. रोज फळ्यावर एक क्रियापद. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाने त्याचं एक वाक्य आणायचं, ते आपल्या घरात घडलेलं पाहिजे आणि खरं पाहिजे. वर्गातल्या कोणालाही ऐकता ऐकता "खोटं!" असं ओरडायची मुभा. कोणी तसं ओरडलं की वाक्यवाल्याने ते खरं करून दाखवायचं, नाहीतर खाली बसायचं.

त्यामुळे मराठीच्या तासाला गावाची खडान्‌खडा बातमी कळत असे. 'नाकारणे'च्या दिवशी एकीने सांगितलं, "आमच्या म्हशीनं काल पेंड नाकारली." शेजारणीने लगेच हात वर केला, "खोटं! माझ्यासमोर खाल्ली. घमेलं चाटून राह्यली होती." 'कबूल करणे'ला पांडुरंगाने आजोबांनी गूळ चोरल्याचं कबूल केल्याचं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी आजोबा काठी टेकत शाळेच्या दारात. "गूळ खाल्ला होय मास्तर. पन कबूल कधी केला मी? पोट्टं खोटं बोलून राह्यलं." गुरुजींनी पांडुरंगाला खाली बसवलं आणि आजोबांना चहा पाजला.

पोळा झाला आणि भाद्रपदातली उघाडी पडली, त्या दिवसांत एकदा फळ्यावर 'धोक्यात घालणे' आलं. दुसऱ्या दिवशी वर्ग भरताना निर्मळच्या बाजूने आभाळ काळवंडत होतं. गुरुजींनी दाराजवळची मुलं आत ओढली.

"हं. कोनापासून?"

"माझी माय चुलीपाशी तुराट्या रचते आनि घर धोक्यात घालते."

कोणी हरकत घेतली नाही. सगळ्यांच्याच माया तसं करत.

"माझा भाऊ भैंशाले कापसाची गाडी घेऊन जाते. गाडीवर बसून बिडी पेते आनि वर्साची मेहनत धोक्यात घालते."

"बापाले माहीत हाये का?" गुरुजींनी विचारलं.

"नाई जी. तुमी सांगू नका."

हशा पिकला. मग भागीरथा उठली. तिचं वाक्य तिने रात्रीच ठरवलं होतं, आणि ते आपल्या वर्गातलं सगळ्यात चांगलं वाक्य आहे याची तिला खात्री होती.

"माझा बा पेवात उतरतो आनि जीव धोक्यात घालतो."

गावाबाहेरच्या पांढरीत, पांढऱ्या मातीच्या उंचवट्यावर, पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद आणि आत रांजणासारखी पोट सुटलेली. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी झाकण बसवून मातीने लिंपायचं. वर्षवर्ष ज्वारी जमिनीत निजून राही. ती काढायला आत उतरायचं काम रामाजीचं, भागीरथेच्या बापाचं. त्याच्या बापाचंही तेच होतं. उतरण्याआधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. तो विझला तर त्या दिवशी पेवात पाय ठेवायचा नाही. का, ते कोणी सांगत नसे. पेव रागावलं आहे, एवढंच म्हणत.

"खोटं!"

पुढच्या रांगेतून रेणुका उठली होती. चंपतराव पाटलांची मुलगी. भागीरथेची आणि तिची मैत्री होती, पण वाक्यांच्या तासाला कोणाची मैत्री चालत नसे.

"काऊन खोटं?" भागीरथा म्हणाली.

"धोका कायचा? आंधारात पाय घसरला, इच्चू चावला तर धोका. आता आंधारच नाई. बाबानं भैंशाहून तीन सेलची बॅटरी आनली. पार तळ दिसते. आज तुया बा कंदील घेऊनच नाई उतरून राह्यला, बॅटरी घेऊन उतरून राह्यला. मंग?"

वर्ग भागीरथेकडे वळला. काल संध्याकाळी ती बॅटरी तिनेही पाहिली होती. पाटलांनी रामाजीच्या हातात दिली तेव्हा त्याने ती स्वतःच्या तळहातावर लावून बघितली होती, आणि बोटांच्या कडा लाल उजळल्या तसा लहान मुलासारखा हसला होता. घरी येऊन म्हणाला, "भागे, आता रॉकेलचा वास नाई, काजळी नाई. कंदिलानं डोळे चुरचुरत होते."

"बस, भागीरथा," गुरुजी म्हणाले.

ती बसली. खाली बसायचं तिला फार लागलं. चूक कुठे झाली ते ती शोधू लागली. ही तिची खोडच होती. हरली की रडायची नाही, उलट मागे मागे जाऊन गाठ कुठे बसली ते बघायची. पेव. आंधार. उजेड. कंदील. कंदील विझला तर उतरायचं नाही. विझतो कशाने? वाऱ्याने? पेवात वारा नसतो. मग?

गेल्या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी ताटलीत मेणबत्ती पेटवून तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला होता. ज्योत आधी बारीक झाली, मग निळी, मग नाहीच. कोणी फुंकर मारली नव्हती.

दुसरा कोणीतरी वाक्य सांगत होता. भागीरथेने हात वर केला.

"गुरुजी, ग्लासाखाली बॅटरी ठेवली तर विझेल का?"

"कोनता ग्लास?"

"मेनबत्तीवाला."

गुरुजी हसत म्हणाले, "बॅटरी कशी विझेल? तिला हवा कुठं लागते? ती सेलवर..." आणि तिथेच थांबले. नार्नूरकडे पेवं नव्हती. कंदील उजेडासाठी सोडतात असंच त्यांनीही धरलं होतं. त्यांनी भागीरथेकडे पाहिलं, मग रेणुकेकडे.

"पेव कधी उघडनार हाये?"

"सकाळीच उघडलं, गुरुजी. उन्हाळ्यात अर्धं काढून झाकलं होतं, तेच. बाबा म्हणले आभाळ आलं, पान्याच्या आत ज्वारी वर घ्या."

गुरुजींनी हातातला खडू खिशात टाकला आणि दारातून बाहेर पडले. आधी चालत, मग पळत. वाकलेल्या खांद्यांचा तो उंच माणूस पळताना मुलांनी कधी पाहिला नव्हता. सगळा वर्ग त्यांच्यामागे निघाला. सगळ्यात पुढे भागीरथा होती.

पांढरीत पेवाभोवती पाच-सहा माणसं, गोणपाटं, टोपल्या. रामाजी पेवाच्या तोंडावर बसला होता, कमरेला दोर, पाय आत सोडलेले. हातात बॅटरी. लेक धापा टाकत येताना दिसली तसा त्याने बॅटरीचा झोत तिच्यावर टाकला.

"भागे, इकडं ये. पाह्य, कसा तळ दिसून राह्यला. कंदिलात असं कधी दिसलं होतं?"

"बा, पाय वर घे."

"काऊन?"

तेवढ्यात गुरुजी पोहोचले. चंपतराव कमरेवर हात ठेवून उभे होते. धिप्पाड गडी, आवाज शिवारभर जाणारा.

"काय मास्तर? शाळेची वरात इकडं कुठं?"

"पाटील, कंदील कुठाय?"

"घरी, खुंटीले. बॅटरी असताना त्याचं काय काम?"

"उजेडासाठी नाही. हवेसाठी. आतली हवा खराब असली तर कंदील विझतो. बॅटरी विझत नाही. ती जळतच राहील आणि माणूस..."

"मागल्या महिन्यात केशवरावच्या पेवात उतरलो जी, कंदील इझला नाई," रामाजी म्हणाला. "काई झालं नाई."

"ते किती वेळ उघडं होतं?"

"आदल्या दिवशी उघडलं होतं."

"आणि हे?"

"सकाळी," रामाजी म्हणाला. त्याने खाली पाहिलं.

चंपतरावांनी आभाळाकडे हात केला. "ते पाह्यलं का मास्तर? अर्ध्या घंट्यात पानी येते. पेवात शिरलं तर सारी ज्वारी नासते. पोट्टीनं वर्गात एक सवाल इचारला म्हनून मी घरातल्या पंधरा तोंडाची ज्वारी धोक्यात घालू?"

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पांडुरंग हळूच म्हणाला, "गुरुजी, पाटलाचं वाक्य बरोबर हाये." कोणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं.

"मी आनतो कंदील," रेणुका म्हणाली. बाप काही बोलायच्या आत ती घराकडे पळत सुटली होती.

ती येईपर्यंत भागीरथा बापाच्या शेजारी जाऊन उभी राहिली. त्याने पाय अजून वर घेतले नव्हते. मालकासमोर लेकीचं ऐकून पाय वर घ्यायचे म्हणजे काय, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने त्याच्या कमरेच्या दोराला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. असं धरून काही होणार नाही हे तिला कळत होतं. रेणुका कंदील का आणते आहे तेही तिला कळत होतं. कंदील तेवत राहिला की रेणुका जिंकली. आणि आयुष्यात पहिल्यांदा भागीरथेला वाटत होतं, रेणुकाच जिंको. माझं वाक्य खोटं निघो. सगळ्या वर्गासमोर निघो.

रेणुका आली. कंदिलाच्या काचेला तडा होता. रामाजीने काडी ओढली, वात सारखी केली आणि कंदील दोराला बांधून पेवात सोडला. सगळे वाकले. पिवळा उजेड कडब्याच्या भिंतीवरून हळूहळू खाली सरकला, अरुंद तोंडातून पोटात शिरला, मोठा झाला.

"जळून राह्यला ना?" चंपतराव म्हणाले.

रामाजीने आणखी हातभर दोर सोडला. ज्योत बारीक झाली. आणखी थोडा. ती वातीवरून उचलल्यासारखी झाली, कडांना निळी दिसली आणि गेली. पेव एकदम काळं झालं.

रामाजीने कंदील वर ओढला, पेटवला, पुन्हा सोडला. पुन्हा त्याच जागी गेला. मग त्याने दुसऱ्या हाताने बॅटरी लावली. विझलेल्या कंदिलाशेजारी तिचा पांढरा झोत स्वच्छ पडला होता. खाली ज्वारीचा दाणा न् दाणा दिसत होता.

रामाजीने पाय वर घेतले. कमरेचा दोर सोडायला त्याला वेळ लागला, गाठ सापडेना. भागीरथेने सोडली. मग तो थोडा बाजूला जाऊन बसला, बंडीच्या खिशातून बिडी काढली आणि पेटीवर काडी ओढू लागला. एक काडी मोडली, दुसरी मोडली. चंपतराव त्याच्यासमोर जाऊन उकिडवे बसले. त्यांनी स्वतःची पेटी काढली, काडी ओढली आणि दोन्ही हातांच्या आडोशाने त्याच्या तोंडापुढे धरली. असं करताना त्यांना गावात कोणी पाहिलं नव्हतं.

"रामाजी," ते म्हणाले.

"पानी येते मालक," रामाजी म्हणाला. "ताडपत्री आना."

पाऊस आलाच. पेवाच्या तोंडावर चार बांबू रोवून गाडीवरची ताडपत्री ताणली. एक कोपरा चंपतरावांनी धरला, एक रामाजीने, दोन गुरुजींनी आणि मोठ्या मुलांनी. गुरुजींच्या सांगण्यावरून कडुलिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधून पेवात वरखाली, वरखाली करत राहिले, आतली हवा हलावी म्हणून. मुलांनी पाळ्या लावल्या. सगळे चिंब झाले. पांडुरंग म्हणाला, "पेवाले पंखा घालून राह्यलो आपुन. नवरदेवच हाये लेकाचा." आणि आता मात्र सगळे मोठ्याने हसले, अगदी चंपतरावसुद्धा. एका कडेने पाणी आत शिरलंच. सगळ्यांनी ते पाहिलं आणि डहाळ्या हलवणं चालू ठेवलं.

दिवस कलताना कंदील तळाशी टेकला आणि तेवत राहिला. रामाजीने बराच वेळ तो तसाच राहू दिला. मग उतरला. पहिली टोपली वर आली तेव्हा पेवातल्या ज्वारीचा आंबूस, उबदार वास पावसाच्या वासात मिसळला. कडेची ज्वारी भिजली होती. त्या वर्षी पाटलांच्या घरच्या भाकरीला वास येत असे, आणि रेणुका डब्यातली भाकरी भागीरथेपुढे सरकवत म्हणे, "खा. तुयाच बापाचा वास हाये." भागीरथा खात असे. तिला तो वास आवडायचा. पुढे हैदराबादेत शिकायला गेल्यावर वसतिगृहाच्या गव्हाच्या पोळीत तो तिने कितीदा शोधला असेल.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी नवं क्रियापद लिहिलं नाही. कालचंच ठेवलं.

"भागीरथाचं वाक्य राह्यलं हाये," ते म्हणाले. "रेणुकाची हरकत होती. रेणुका, काय म्हनतेस?"

रेणुका उठली. "खरं हाये, गुरुजी."

भागीरथा उठली. आदल्या दिवशीचं वाक्य तिला आता तोंडातून काढवेना. ती म्हणाली, "काल माझ्या बानं जीव धोक्यात घातला नाई."

कोणी "खोटं" म्हणालं नाही.

हे सगळं भागीरथेने मुधोळच्या सातवीला सांगितलं. इतकं सविस्तर नाही, पण पेव, बॅटरी आणि कंदील एवढं सांगितलं. ती थांबली तसा मागच्या बाकावरून आवाज आला.

"खोटं!"

नुकताच शिकलेला नियम त्याने लगेच वापरला होता.

"काऊन खोटं?"

"ज्वारी जमिनीत कोन ठेवते, बाई? सडून नाई जानार? आमच्या घरी तर पोती असतात."

"बरोबर," दुसरी म्हणाली. "आनि ज्वारी कोन एवढी पेरते? सगळा कापूसच हाये."

भागीरथेने आजूबाजूला पाहिलं. इथे दाखवायला काही नव्हतं. खरं करून दाखवता आलं नाही की काय करायचं हा नियम तिनेच सांगितला होता. ती खुर्चीवर खाली बसली. मुलं आधी गोंधळली, मग टाळ्या वाजवू लागली.

संध्याकाळी ती गावी गेली. रामाजी आता फार चालत नसे. दारात बाजेवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करी. घरात वीज होती, पण वळचणीला कंदील टांगलेला असे आणि तो रोज पुसला जाई. चंपतरावांनी पेवाच्या त्या दिवशीच तो त्याला देऊन टाकला होता. तडा गेलेली काच अजून तीच होती.

"आज काय शिकवलं वं भागे?"

"धोक्यात घालणे."

"अरे वा." तो हसला. "मंग माझं सांगतलं का न्हाई?"

"सांगितलं. पोरं खोटं म्हणाली. पेव माहीत नाही त्यांना. मला खाली बसावं लागलं."

"मास्तरीनबाईले?" रामाजीला भारी गंमत वाटली. बराच वेळ तो खांदे हलवत हसत राहिला. मग त्याने पांढरीकडे पाहिलं. तिथली पेवं एकेक करून बुजली होती, कुठे खळगा, कुठे बाभळी. चंपतरावांचं तेवढं तोंडाच्या दगडासकट राहिलं होतं. पाटील गेल्यावरही रेणुकेच्या भावांनी ते बुजवलं नव्हतं.

रामाजी बाजेवरून उठला. भिंतीचा आधार घेत वळचणीपाशी गेला, कंदील काढला आणि धोतराच्या सोग्याने काच पुसू लागला.

"उद्या घेऊन ये त्या पोट्ट्याइले," तो म्हणाला. "दोर हाये आपल्याकडं. खोटं कसं म्हन्तात, पाहू."